आधी वही, मग गेट

२०२३ साल. मला तेव्हा बहात्तर पूर्ण झाली होती. शाळा चौथीपर्यंत, तीही धड नाही. पण अंबडच्या एका कारखान्याच्या गेटवर मी एकतीस वर्षं काढली, आणि गेटवर उभं राहून माणसाला जे कळतं ते शाळेत शिकवत नाहीत, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. कोणाला पटो न पटो.

त्या वर्षी आमची सूनबाई घरूनच काम करायची. मुलगा कारखान्यात पाळीला जायचा, म्हणजे दिवसा घरात आम्ही तिघं. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला तिचा लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला मी लसूण सोलत नाहीतर पेपर वाचत, आणि बायको ओट्यापाशी. सून काय काम करते असं शेजाऱ्यांनी विचारलं की मी म्हणायचो, कॉम्प्युटरमध्ये असते. सहा महिने असंच सांगितलं. मग एक दिवस माझाच मला राग आला. घरातल्या माणसाचं काम आपल्याला सांगता येऊ नये म्हणजे काय!

"अगं, तू नेमकं करतेस काय?" मी विचारलं.

"वॉचमनचं काम करते, बाबा."

मी लसणाची पाकळी खाली ठेवली. मला वाटलं, टोमणा मारते.

"खरंच सांगते," ती हसली. "वेबसाइट म्हणजे कारखाना समजा. बाहेरून माणसं येतात, काही चांगली, काही चोर. माणसांच्या नावाखाली मशीनही येतात. मधे एक गेट असतं, त्याला फायरवॉल म्हणतात. त्या गेटवरचे नियम मी लिहिते. अमुक दिसलं तर तमुक करायचं."

"तमुक म्हणजे?"

तिने बोटं मोजली. अलाऊ, म्हणजे सोडा. ब्लॉक, म्हणजे परत पाठवा. काउंट, म्हणजे अडवायचं नाही, नुसती नोंद करायची आणि पुढे जाऊ द्यायचं. कॅप्चा, म्हणजे चित्रांचं कोडं घालून माणूस आहे का ते बघायचं. आणि चॅलेंज, म्हणजे त्याला न कळू देता गुपचूप तपासायचं.

"ते पाचवंही आमच्याकडे होतं," मी म्हणालो. "रात्रपाळीला येणाऱ्याशी घरच्या चार गोष्टी बोलायच्या आणि बोलता बोलता तोंडाचा वास घ्यायचा. प्यालेला असला की कळायचं. त्याला पत्ता नसायचा."

"हेच ते!" ती म्हणाली, आणि तिने ते कुठेतरी लिहूनही घेतलं. माझं बोलणं कोणी लिहून घ्यायची ती पहिलीच वेळ.

"आता मालकाच्या गाडीची गोष्ट येणार बघ," ओट्यापाशी बायको म्हणाली.

ती गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. कारखान्यात नवी पिवळी कार्डं निघाली, कार्डाशिवाय कोणालाही आत सोडू नका असा हुकूम आला, आणि पहिल्याच सकाळी मी खुद्द मालकांची गाडी अडवली. साहेब, कार्ड? मालक काच खाली करून हसले, खाली उतरून माझ्या खांद्यावर थाप मारली आणि ऑफिसातून कार्ड मागवून मगच आत गेले. मुलाच्या लग्नात मी ती व्याह्यांनाही सांगितली होती. त्या दिवशीही सांगितली. सूनबाईने पुन्हा पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकली. ती तशी गुणी आहे.

त्या चित्रांच्या कोड्याशी मात्र माझं वाकडं होतं. आदल्या वर्षी मी स्वतः मोबाइलवर गॅसचा नंबर लावायला बसलो. मला कोणाची मदत नको होती. तर त्यात नऊ चौकटी आल्या आणि हुकूम आला, सिग्नल असलेल्या चौकटी निवडा. आता द्वारकेच्या चौकात मी आयुष्यातली किती वर्षं सिग्नलखाली उभा राहिलो असेन! दिवे निवडले. मग खालच्या चौकटीत खांब होता. सिग्नलचा खांब सिग्नलमध्ये धरायचा की नाही? माझ्या मते धरायचा, खांबाशिवाय सिग्नल हवेत राहतो काय? धरला. चूक. पुन्हा नवी चित्रं, पुन्हा खांब. मी पुन्हा धरला. चार वेळा त्याने मला माणूस मानलं नाही आणि चारही वेळा मी खांब सोडला नाही. शेवटी मोबाइल बंद केला, चपला घातल्या आणि एजन्सीत चालत गेलो. तिथल्या बाईने मला एका नजरेत माणूस म्हणून ओळखलं.

तर असं आमचं चाललं होतं. मग ऑगस्टात टोमॅटोचा हंगाम लागला आणि सूनबाईच्या कंपनीकडे एका खासगी बाजाराचं काम आलं. बाजारात गाड्यांची रांग लागू नये म्हणून शेतकऱ्याने आदल्या दिवशी वेबसाइटवर नंबर घ्यायचा. रोज सकाळी सातला दुसऱ्या दिवसाचे नंबर खुले व्हायचे. पण काही व्यापाऱ्यांनी मशीन लावली होती. सात वाजून एक मिनिटाला चांगले नंबर गायब. शेतकरी बोंब मारत होते, बाजारवाले कंपनीवर ओरडत होते, आणि कंपनीतले सर सूनबाईवर. हे गेट पहिल्यांदाच तिच्या एकटीच्या हातात दिलं होतं. नीट झालं तर असली सगळी कामं तिच्याकडे येणार होती. बिघडलं तर पुन्हा कोणाच्या तरी हाताखाली. हे तिने मला सांगितलं नाही, पण ती दोन दिवस भाकरीचा तुकडा हातात धरून स्क्रीनकडे बघत होती, त्यावरून कळत होतं.

तिने नियम लिहिला होता. एकाच पत्त्यावरून पाच मिनिटांत शंभरापेक्षा जास्त वेळा दार वाजलं तर तो पत्ता पकडायचा. पत्ता म्हणजे घराचा नव्हे, इंटरनेटच्या जोडणीचा. चार दिवस तिने तो नियम काउंटवर ठेवला होता. त्या गुरुवारी दुपारी सरांचा फोन आला, आता पुरे, आज ब्लॉकवर टाक.

ती टाकायला बसली. मी बाजूलाच होतो.

"किती सापडले?"

"तीन पत्ते, बाबा. तिघंही शंभराच्या वर."

"कोण आहेत?"

"मशीन."

"कशावरून?"

"आकडा आहे ना. एवढ्या वेळा माणूस दार वाजवेल का?"

"चार दिवस लिहिलंस ते वाचलंस का?"

"बेरीज बघितली."

"मी बेरीज नाही म्हणत. वही. नावं."

ती जरा वैतागली. "बाबा, सरांनी आज सांगितलंय. पाच वाजता मीटिंग आहे. तुम्हीच तर मालकाची गाडीसुद्धा सोडली नाही ना? हुकूम म्हणजे हुकूम?"

ती सहज बोलली. पण मला बसवेना. मी उठून खिडकीशी गेलो, परत आलो. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण तिचं बोट तिकडे त्या बटणापाशी होतं.

"त्या दिवशी मी फक्त गाडी नाही अडवली," मी म्हणालो.

बायकोने नळ बंद केला.

मग मी सांगितलं. त्याच सकाळी, मालकांच्या आधी, सिन्नरकडच्या एका गावातून नऊ बाया आल्या होत्या. पॅकिंगला होत्या, ठेकेदाराच्या. सगळ्या एकाच जीपमधून यायच्या, जीप भरून एकदम गेटवर उतरायच्या. त्यांच्याकडे कार्डं नव्हती. त्यांची कार्डं ठेकेदाराच्या माणसाच्या खिशात होती, आणि तो अकराला उगवायचा. त्यातली एक म्हणाली, "दादा, कालपर्यंत तुमीच आत सोडत व्हते ना? आज आमी दुसऱ्या झालो का?" मी म्हणालो, हुकूम आहे. बाया गेटसमोरच्या लिंबाखाली साडेआठपर्यंत बसल्या. जीप निघून गेली होती. मग डबे उचलून हायवेपर्यंत चालत गेल्या. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने त्यांच्या जागी दुसऱ्या आणल्या. त्या नऊ पुन्हा कधी आल्या नाहीत. माझी पाठ थोपटली ती मालकांच्या गाडीसाठी. बायांचं कोणी मला काही बोललं नाही, आणि मीही नाही.

"पण पुढे एकही नवा हुकूम मी पहिल्या दिवशी लावला नाही," मी म्हणालो. "आठ दिवस नुसती वही. कार्ड नाही? नाव लिही, आत जा. संध्याकाळी ती नावं ठेकेदाराला, सुपरवायझरला वाचून दाखवायची, याचं कार्ड कुठे, तिचं कार्ड कुठे. मॅनेजर ओरडायचे, मी अडवा म्हणालो होतो! मी म्हणायचो, नवव्या दिवशी अडवतो, साहेब. नवव्या दिवशी वहीत जे उरायचे ते खरे अडवायचे असायचे. पण त्यासाठी वही वाचावी लागते, पोरी. लिहून न वाचलेली वही म्हणजे नुसती शाई."

मग बायको म्हणाली, "मला माहीत होतं काहीतरी. त्या दिवशी तुम्ही डबा तसाच परत आणला होता."

इतकी वर्षं हिने ते मनात ठेवलं होतं, आणि मी समजत होतो की मी लपवलंय.

सूनबाईने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मला त्यातलं काय दिसणार! पण तिने एकेक ओळ मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पहिला पत्ता दिवसरात्र चालू. बरोब्बर दोन सेकंदांनी एक टकटक, मधे एकदाही दम नाही. नंबर घेतलेले तीनच मोबाइलवर, पुन्हा पुन्हा. दुसऱ्याचंही तेच. तिसरा मात्र वेगळा. सकाळी सातला सुरू व्हायचा आणि आठच्या आत संपायचा. मधेच पाच मिनिटं शांत. आणि प्रत्येक नंबर वेगळ्या मोबाइलवर, वेगळ्या नावाने.

"यातल्या एकाला फोन लाव," मी म्हणालो.

"असा कसा लावू?"

"हाताने."

लावला. स्पीकरवर एक माणूस खेकसला, "कोण?"

"नमस्कार दादा, बाजाराच्या नंबरच्या वेबसाइटवरून बोलतेय."

"आता काय झालं? माझा नंबर रद्द केला का काय?"

"नाही, नाही. तुम्ही नंबर घेता तो कुठून घेता, एवढंच विचारायचं होतं."

"कुठून म्हंजे? गावातल्या झेरॉक्सच्या दुकानातून. आत्ता सिन्नरला आलोय म्हणून फोन लागला, आमच्याकडं रेंज कुठं हाय? त्याच्याकडं वायरचं नेट हाय. सगळं गाव त्याच्याकडंच जातं. तो आमची नावं टकाटका टाकीतो."

"किती जण असता?"

"टमाटं लागलं की लय. तीस-चाळीस तर रोजचेच. तो पानच चार-चारदा उघडीतो, एकदा उघडलं तर शपथ!" मग त्याचा आवाज जरा खाली आला. "ताई, एक सांगू का? ते व्यापाऱ्यांचं मशीन आमच्या आधी घुसतं म्हणं. त्याला अडवा की तुमी. आमी गरीब लोकं सहापासून बाकड्यावर बसून ऱ्हातो."

सूनबाईने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे एवढे मोठे झाले होते. त्या बाकड्यालाच ती अडवणार होती, पाच वाजायच्या आत.

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "एक पान उघडलं की दार दहा-दहा वेळा वाजतं बाबा, म्हणून आकडा फुगला. दुकानाचा पत्ता अलाऊ करून टाकते. सगळ्यात वरचा नियम. म्हणजे पुढचं कोणी तपासणारच नाही."

"असं करू नकोस," मी म्हणालो. "ओळखीची म्हणून एका गाडीची डिकी आम्ही दोन वर्षं उघडली नव्हती. तिच्यातून तांब्याची तार जात होती."

"मग कॅप्चा लावू?"

"म्हणजे तो झेरॉक्सवाला चाळीस माणसांसाठी चाळीस वेळा सिग्नलचे खांब मोजत बसणार?"

बायको ओट्यापाशी फस्सकन हसली. सूनबाईही हसली, दोन दिवसांनी पहिल्यांदा.

"मग तुमचं वास घेणं," ती म्हणाली. "गुपचूप. चॅलेंज."

झालं ते असं. पहिले दोन पत्ते ब्लॉक. शंभराच्या वर जाणारा बाकी जो कोणी असेल त्याला चॅलेंज. त्याचा कॉम्प्युटर आतल्या आत एक गणित सोडवतो आणि माणसाला काही कळत नाही, क्षणभर चाक फिरतं एवढंच. आणि या नियमाची वही चालूच ठेवायची, रोज वाचायची.

पाचच्या मीटिंगला मी टेबलावरून हललो नाही. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून खुर्ची मागे घेतली, बस.

"आपण ब्लॉक म्हणालो होतो ना?" सरांचा आवाज.

"दोन ब्लॉक केलेत, सर. तिसरा पत्ता मशीन नाही. गाव आहे."

"गाव?"

"आख्खं गाव आहे, सर. मी फोन करून विचारलं."

सर म्हणाले, "उद्या सातला पुन्हा नंबर गायब झाले, तर बाजारवाल्यांना उत्तर तू द्यायचं. आणि हे गेट तुझ्याकडे ठेवायचं की नाही, ते मग ठरवू."

मी तोंड उघडलं होतं. बायकोने मागून शर्ट ओढला.

"चालेल, सर," सूनबाई म्हणाली. आवाज बारीक होता, पण मान खाली नव्हती.

जेवताना मी सांगितलं, "उद्या सातला मी तिथे असेन."

"कुठे?"

"त्या दुकानात. गाव सिन्नरकडचंच आहे, तुझ्या वहीत नावांपुढे लिहिलंय. तुझ्याकडे आतली वही असेल, माझ्याकडे बाहेरची. दोन्ही जुळल्या पाहिजेत."

"अहो बाबा, मला इथे बसून सगळं दिसतं."

"तुला टकटक दिसते. माणूस दिसत नाही."

"झालं," बायको म्हणाली. "रिटायर माणसाला ड्युटी लागली." पण तिने शर्टाला इस्त्री करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे द्वारकेवरून एसटी पकडली. सिन्नरला उतरलो तेव्हा उजाडत होतं. स्टँडाबाहेर एक जीप येऊन थांबली, आतून बाया उतरल्या, एमआयडीसीत जाणाऱ्या. प्रत्येकीच्या हातात डबा आणि गळ्यात कार्ड. मी सगळ्या उतरेपर्यंत बाजूला उभा राहिलो आणि मग त्याच जीपमध्ये बसलो. ती त्या झेरॉक्सवाल्याच्या गावाकडेच परत चालली होती.

दुकान लहान, बाकडं लांब. मी टोकाला बसलो, डायरी मांडीवर उघडली.

"बाबा, तुमचे किती कॅरेट टमाटं?" शेजारच्याने विचारलं.

"माझा माल नाही. मोजायला आलोय."

"काय मोजायला?"

"तुम्हाला."

"जनगणना निघाली का काय?" पलीकडचा म्हणाला, आणि सगळं बाकडं हसलं. आदल्या दिवशी फोनवर खेकसलेला माणूस त्यांच्यात होता, आवाजावरून ओळखला. ओळख दिली नाही.

सात वाजले. झेरॉक्सवाल्याने कीबोर्ड पुढे ओढला. चाक फिरलं. मी पेन डायरीवर टेकवलं. एक क्षण, दोन क्षण, आणि पान उघडलं. त्याने पहिलं नाव टाकलं, आणि लगेच स्क्रीनवर नंबर उमटला. "आला!" मी एक रेघ ओढली. मग दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी आडवी. मधे एकदा एकाने नाव दोनदा टाकायला लावलं, तर मी एकच रेघ ओढली. तो म्हणाला, बाबा लय कडक हायेत.

पावणेआठला बाकडं रिकामं झालं. मी बाहेर येऊन फोन लावला. गावात रेंज नव्हती हे खरं होतं, रस्त्याच्या पलीकडे चढावर जावं लागलं.

"सूनबाई, अडतीस आले. अडतीस आत गेले."

"माझ्याकडेही अडतीस, बाबा." ती हसत होती की काय, कळेना. "सरांचा आत्ताच मेसेज आला. म्हणाले, वही चालू ठेव आणि गेट तूच बघ."

"आणि ते दोघं?"

"बाहेर. अजून दार ठोकतायत."

"ठोकू देत," मी म्हणालो.

मग परत दुकानात येऊन बाकड्यावर बसलो. रेघांच्या पानाखाली अडतीस असं अक्षरात लिहिलं, तारीख घातली, सही केली. सही मला चांगली येते. आणि झेरॉक्सवाल्याला म्हटलं, आता चहा सांग.